साइटवर सदस्यांना वाट सापडत नसेल तर: मेनू आणि मांडणी सुधारायची पद्धत

'माझा मसुदा कुठे गेला?' हा प्रश्न आमच्या साइटवर इतक्यांदा यायचा की त्याचं उत्तर आम्ही एका फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि दर वेळी तेच चिकटवत होतो. मसुदा कुठेही गेलेला नसायचा. वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवायचं, 'माझे दालन' उघडायचं आणि तिथल्या तिसऱ्या टॅबवर जायचं, की सापडायचा. साइट सांभाळणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांना ही वाट पाठ होती, त्यामुळे ती अवघड आहे हे आमच्या ध्यानातच आलं नाही. ज्याने साइट बांधली त्याला साइट कधीच अवघड वाटत नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पुढे आम्ही अख्खा मेनू मोडून नव्याने बांधला. पहिल्या खेपेला आपापसांत बैठक घेऊन बांधला, तो फसला. दुसऱ्या खेपेला लोकांना विचारून, त्यांच्याकडे बघून बांधला, तो टिकला. तुम्ही एखाद्या समुदायाची साइट चालवत असाल आणि हे काम हाती घेणार असाल, तर तुमची पहिली, फसणारी खेप टळावी म्हणून हे लिहितो आहे.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- साइटवरच्या सगळ्या पानांची यादी करायला एक स्प्रेडशीट
- गेल्या सहा महिन्यांत मदतीसाठी आलेले प्रश्न, मेल आणि निरोप
- शोधपेटीत लोकांनी टाकलेल्या शब्दांची नोंद. त्यातही ज्यांना एकही निकाल मिळाला नाही असे शब्द
- 'पान सापडले नाही', म्हणजे ४०४ चा शेरा आलेल्या पत्त्यांची नोंद (सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून मागून घ्या)
- कागदाच्या चिठ्ठ्या आणि जाड पेन
- लहान स्क्रीनचा, जुना, साधा फोन
- साइट कधीच न वापरलेली पाच माणसं
- साइटचा पूर्ण बॅकअप आणि बदल करून बघायला वेगळी प्रत

पैसे लागतील असं यात जवळपास काहीच नाही. वेळ मात्र लागतो. आम्हाला संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी काम करून तीन महिने लागले.

१. आधी यादी, मेनूला हात नंतर

प्रत्येक पानासाठी एक ओळ: नाव, पत्ता, कुठल्या मेनूतून तिथे पोचता येतं, शेवटचा बदल कधी झाला, सांभाळतं कोण. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. यादी झाली की तीन गोष्टी आपोआप दिसतात: एकाच विषयाची दोन-तीन पानं, कुठल्याच मेनूतून न पोचता येणारी पानं आणि ज्यांना वाली नाही अशी पानं. आमच्याकडे लेखनाचे नियम तीन ठिकाणी होते आणि तिन्हींत वेगवेगळे होते. मेनू कितीही सुंदर केला असता तरी हा गोंधळ तसाच राहिला असता. म्हणून आधी पानं एकत्र करा, जुनी काढा आणि मग पुढे जा.

२. अडचणी लोकांच्या शब्दांत टिपून ठेवा

आलेले सगळे प्रश्न वाचा आणि लोकांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे उतरवा. शुद्धलेखनही सुधारू नका. आमच्या मेनूत 'प्रवेश' आणि 'निर्गमन' होतं. आलेल्या निरोपांत मात्र 'लॉगिन होत नाही' असंच असायचं. 'प्रवेश होत नाही' असं एकानेही लिहिलं नव्हतं. 'परवलीचा शब्द' हा आमचा आवडता शब्द. लोक शोधपेटीत 'पासवर्ड' टाकत होते आणि रिकाम्या हाती परतत होते.

इथे एक सापळा आहे. निरोप पाठवणारी माणसं म्हणजे सगळी माणसं नव्हेत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समुदायांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद जण नुसतं वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहितो. तुमच्याशी बोलतो तो हा एक. वाट न सापडल्यामुळे मुकाट्याने निघून गेलेल्याचा निरोप कधीच येत नाही. त्याच्यासाठी पुढची पायरी.

३. शेजारी बसा आणि गप्प राहा

या साऱ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

साइट न वापरलेला एक माणूस, त्याचा स्वतःचा फोन आणि पाच-सहा कामं. किती जणांना बसवायचं? नील्सन यांचा २०००चा सल्ला प्रसिद्ध आहे: एका फेरीला पाच जण पुरेत, कारण बहुतेक मोठ्या अडचणी तेवढ्यात वर येतात, मग दुरुस्ती करा आणि नवे पाच जण बसवा. लहान समुदायाला हा हिशोब चांगला झेपतो.

कामं लिहिताना मेनूतले शब्द वापरायचे नाहीत. मेनूत 'मसुदे' लिहिलेलं असेल आणि तुम्ही 'मसुदे उघडा' म्हणालात, तर समोरचा तो शब्द शोधेल आणि दाबेल. त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी म्हणा: 'काल तुम्ही एक लेख अर्धा लिहून ठेवलात. आज तो पुढे लिहायचाय.'

आमच्या पहिल्या फेरीत हेच काम एका काकूंना दिलं होतं. त्यांनी तीन आडव्या रेघांचा मेनू उघडला आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. 'ओसरी' दाबलं, परत आल्या. 'चावडी' दाबलं, परत आल्या. मग बोट स्क्रीनच्या वर अधांतरी ठेवून माझ्याकडे वळल्या, 'इथे दाबू का?' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, 'तुम्हाला काय वाटतं?' त्या परत शोधायला लागल्या. वर कोपऱ्यात त्यांचंच गोल चित्र होतं. त्याच्यावरून त्यांची नजर दोनदा गेली, पण ते दाबायचं असतं हे काही त्यांना वाटलं नाही. चारेक मिनिटांनी फोन खाली ठेवून म्हणाल्या, 'राहू दे, परत लिहीन. माझंच काहीतरी चुकतंय.'

त्यांचं काहीही चुकत नव्हतं. उरलेल्या चौघांतले तिघे तिथेच अडले. त्या दिवशी 'माझे दालन' या नावावरची आमची दोन वर्षांची चर्चा संपली.

बसताना एवढं पाळा:

- सुरुवातीलाच सांगा, 'परीक्षा साइटची आहे, तुमची नाही.' आणि अडल्यावर पुन्हा सांगा.
- मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगा.
- मदत करू नका, बोट दाखवू नका, 'वर बघा' म्हणू नका. प्रश्न आला की प्रश्नच परत करा.
- पहिल्यांदा कुठे दाबलं ते लिहून ठेवा. पहिला अंदाज चुकला की पुढे माणूस भरकटत जातो.
- शेवटी 'साइट आवडली का?' असं विचारू नका. लोक भिडेखातर 'छान आहे' म्हणतात.

स्क्रीनचं चित्रीकरण करणार असाल तर आधी परवानगी घ्या, आणि पासवर्ड टाकताना ते बंद ठेवा.

४. चिठ्ठ्या मांडायला द्या

आता कुठलं पान कुठल्या गटात बसवायचं ते ठरवायचं. तीस ते पन्नास चिठ्ठ्या करा, एकेका चिठ्ठीवर एकेका पानाचा विषय. माणसाला सांगा, 'जे एकत्र असावं असं वाटतं त्याचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला नाव द्या.' नील्सन यांनी २००४ मध्ये या प्रयोगासाठी पंधरा जण सुचवले होते. आम्हाला अकराच मिळाले, तरी चित्र स्पष्ट झालं.

चिठ्ठीवर शब्दांची पुनरावृत्ती होऊ देऊ नका. 'सदस्य नियम', 'सदस्य मदत', 'सदस्य यादी' अशा चिठ्ठ्या केल्या तर लोक विचार न करता 'सदस्य'चा गठ्ठा करून मोकळे होतात. आमची पहिली चार माणसं यातच वाया गेली.

एखादी चिठ्ठी अर्ध्या लोकांनी एकीकडे आणि अर्ध्यांनी दुसरीकडे ठेवली, तर वाद घालत बसू नका. पान एकाच ठिकाणी ठेवा आणि दुसऱ्या ठिकाणाहून त्याची लिंक द्या.

५. नावं साधी ठेवा

समुदायाच्या साइटवर सगळ्यात जास्त भावना गुंतलेल्या असतात त्या इथे. सुरुवातीच्या सदस्यांनी मोठ्या प्रेमाने नावं दिलेली असतात: ओसरी, चावडी, कट्टा, पडवी. ती नावं ऐकायला गोड आहेत आणि ती जपली जावीत असं मलाही वाटतं. पण नव्या माणसाला ओसरीवर काय चालतं आणि पडवीत काय, हे कळणार कसं?

आम्ही आधी 'चावडी – सूचना आणि घोषणा' असं जोडनाव करून पाहिलं. संगणकावर ठीक दिसलं. फोनवर ओळ पुरली नाही आणि 'चावडी – सू…' एवढंच उरलं. म्हणजे नेमका कामाचा भाग कापला गेला. मग उलटं केलं: मेनूत फक्त 'सूचना', आणि ते पान उघडल्यावर वर मोठ्या अक्षरांत 'चावडी'. जुने सदस्य नाराज झाले नाहीत आणि नवे भरकटले नाहीत.

नावांबद्दल आणखी काही:

'लेखन' हा शब्द फसवा आहे. तो दाबल्यावर वाचायला मिळेल की लिहायला? 'लेख वाचा' आणि 'लेख लिहा' असं सरळ म्हणा. 'इतर', 'अधिक', 'उपयुक्त दुवे' ही नावं म्हणजे अडगळीची खोली. जिथे ठेवायला जागा सुचली नाही ते सगळं तिथे जाऊन पडतं. 'माझे' हा शब्द मात्र फार उपयोगी पडतो. 'माझे लेख', 'माझे मसुदे', 'माझे प्रश्न' यांचा अर्थ कुणालाही विचारावा लागत नाही. आणि एका गोष्टीला साइटभर एकच नाव ठेवा. मेनूत 'मसुदा', बटणावर 'अपूर्ण लेखन' आणि मदतीच्या पानावर 'जतन केलेले' असं असेल, तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात.

६. मेनू किती मोठा असावा?

बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, 'मेनूत सातच नावं हवीत, माणसाच्या लक्षात सातच राहतात.' हा संदर्भ मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या निबंधाचा असतो. तो निबंध तात्पुरत्या स्मरणाबद्दल आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. नावं स्पष्ट असतील तर नऊ-दहाही चालतात, आणि संदिग्ध असतील तर चारही जड होतात.

'तीन क्लिकांत सगळं सापडलं पाहिजे' या नियमाचंही तसंच. माणूस क्लिक मोजत नाही. आपण बरोबर दिशेने चाललोय अशी खात्री पटत असेल तर तो पाच क्लिकही आनंदाने करतो. खात्री नसेल तर दुसऱ्याच क्लिकला परत फिरतो. म्हणून प्रत्येक पानावर 'आपण कुठे आहोत' ते दाखवा: वर वाटेची ओळ (मुखपृष्ठ › मदत › मसुदे) आणि मेनूत चालू विभागाला वेगळा रंग किंवा खूण.

तीन आडव्या रेघांमागे सगळंच लपवू नका. ती खूण १९८१च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी रेखाटली, म्हणजे जुनीच आहे; पण जे दिसत नाही ते नव्या माणसासाठी नसल्यातच जमा असतं. रोज लागणाऱ्या चार-पाच गोष्टी स्क्रीनच्या खाली कायम दिसू द्या, बाकीच्या रेघांमागे ठेवा. चित्रखुणांखाली शब्द लिहा. घंटी, पाकीट आणि संवादाचा फुगा यांतला फरक आपल्याला वाटतो तितका उघड नसतो.

७. बांधण्याआधी कागदावर तपासा

नवा मेनू नुसत्या शब्दांत, एकाखाली एक लिहून काढा. रंग नाही, चित्र नाही. लोकांना तीच कामं द्या आणि 'कुठे शोधाल?' एवढंच विचारा. आधी वरच्या पातळीची नावं दाखवा, एक निवडलं की त्याच्या आतली. अर्ध्या तासात दोन-तीन जणांबरोबर होतं. इथे सापडलेली चूक खोडरबराने पुसता येते. प्रोग्रॅमरने बांधून झाल्यावर तीच चूक आठवडा खाते.

८. शोधपेटीला मराठी शिकवा

निम्मे लोक मेनूकडे बघतच नाहीत, थेट शोधतात, असं मला आमच्या फेऱ्यांमध्ये दिसलं. आणि साइट मराठीत असेल तर तयार मिळणारी शोधपेटी बहुधा कमी पडते. कारणं समजून घ्या, म्हणजे प्रोग्रॅमरला नेमकं सांगता येईल.

पहिलं, सामान्यरूप आणि अनेकवचन. 'मसुदा' शोधलं तर 'मसुद्यात', 'मसुद्याचा', 'मसुदे' असलेली पानं येत नाहीत, कारण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. शब्दाच्या सुरुवातीच्या भागावरून जुळवणी करायची सोय असेल तर ती चालू करून घ्या.

दुसरं, दिसायला एक पण आत वेगळं. 'तऱ्हा' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: कुणाचा कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतो, तर कुणाचा साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. शोधपेटीला मात्र ते दोन शब्द. युनिकोडचं, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या जागतिक पद्धतीचं, नेहमीचं प्रमाणीकरण 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) यांचा 'ऱ' करून देतं, पण ही जोडचिन्हाची गाठ सोडवत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. आमचे लेख 'गायब' झाल्याच्या कितीतरी तक्रारींचं मूळ हे निघालं.

तिसरं, लिहिण्याच्या लकबी. 'अंत' आणि 'अन्त', ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, आणि रोमन लिपीत टाइप केलेली मराठी. सगळं साधणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ सैल केलं तरी खूप फरक पडतो.

चौथं, समानार्थी शब्द. दुसऱ्या पायरीत जमवलेली यादी इथे कामाला येते: 'पासवर्ड' टाकलं की 'परवलीचा शब्द' असलेलं पानही आलं पाहिजे.

आणि काहीच सापडलं नाही तर 'निकाल नाहीत' एवढं सांगून हात झटकू नका. शोधपेटीत टाकलेला शब्द तसाच राहू द्या, जवळचे शब्द सुचवा आणि मदतीच्या पानाची लिंक द्या.

९. बोट, डोळे आणि कान

वेबवरच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, डब्ल्यूसीएजी, यांची २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यातले मेनूशी थेट संबंध असलेले निकष थोडे आहेत. दाबायची जागा निदान २४ गुणिले २४ पिक्सेल हवी (फोनसाठी मी ४४ धरतो, थरथरत्या हातांनाही जमतं). साध्या अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक ४.५ला १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ला १. हे मोजणारी साधनं मोफत मिळतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं यात बहुतेकदा नापास होतात.

देवनागरीसाठी स्वतःहून एक तपासा: ओळींमधलं अंतर. इंग्रजीसाठी बेतलेल्या मांडणीत वरची वेलांटी आणि खालचा उकार बटणाच्या कडेला कापले जातात. बटणावर नुसतं 'कीर्ती' आणि 'पूर्तता' लिहून बघा, लगेच दिसेल.

कीबोर्डवरची टॅब कळ दाबत साइट फिरून बघा. आपण कुठे आहोत ते दर वेळी दिसलं पाहिजे. मग फोनमधलं स्क्रीन वाचून दाखवणारं वाचक-यंत्र (टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर) चालू करून मेनू ऐका. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवलेली नसेल तर वाचक-यंत्र चुकीचा आवाज निवडू शकतं. आणि सलग आठ लिंकांवर 'इथे क्लिक करा' ऐकू आलं, तर न दिसणाऱ्या सदस्याचं काय होत असेल ते तिथेच उमजतं.

१०. जुने पत्ते मोडू नका

आमची पहिली खेप फसली त्याचं दुसरं मोठं कारण हे. आम्ही विभाग हलवले, पत्ते बदलले आणि लोकांनी वर्षानुवर्षं जपलेल्या, एकमेकांना पाठवलेल्या लिंका एका रात्रीत मेल्या.

प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा आणि कायमचं वळण, म्हणजे ३०१, लावून घ्या. पहिल्या पायरीतली स्प्रेडशीट इथे पुन्हा उपयोगी पडते. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवायचे नाहीत. लेख वाचायला आलेला माणूस मुखपृष्ठावर पडला तर तो हरवतोच. वळणावर वळणही नको, जुन्यावरून थेट शेवटच्या पत्त्यावर न्या.

नवे पत्ते ठरवताना लक्षात ठेवा: देवनागरीतला पत्ता कॉपी केला की अनेकदा प्रत्येक अक्षराची किंवा मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. 'मदत' या तीन अक्षरांची सत्तावीस. निरोपात पाठवताना अशी लांबलचक लिंक मध्येच तुटते. आम्ही लेखाचा क्रमांक पत्त्यात ठेवतो. तो छोटा राहतो आणि शीर्षक बदललं तरी टिकतो.

११. बदल कसा आणायचा

एका झटक्यात आणू नका. आधी दहा-पंधरा सदस्यांना प्रत दाखवा आणि त्यांत साइटवर सगळ्यात जुने असलेले दोघे-तिघे घ्या, विशेषतः बदलाला विरोध करणारे. मग आठवडाभर आधी सगळ्यांना कळवा: काय हललं, कुठे गेलं. 'जुनं नाव – नवी जागा' असा दोन रकान्यांचा तक्ता करा आणि तो मदतीच्या पानावर निदान तीन महिने राहू द्या.

पहिले दोन आठवडे तक्रारी येतील. त्यांतली 'पूर्वीचं बरं होतं' ही तक्रार आणि 'अमुक सापडत नाही' ही तक्रार वेगळ्या वह्यांत लिहा. पहिली सवयीची असते, तिला आदराने उत्तर द्या आणि वाट बघा. दुसरी आली की त्याच दिवशी बघा. त्या काळात ४०४ ची नोंद रोज सकाळी उघडा, राहून गेलेले पत्ते तिथे दिसतात.

महिन्याभराने नवे पाच जण बसवा, तीच कामं द्या, पहिल्या फेरीचा कागद शेजारी ठेवा. आमच्या दुसऱ्या फेरीत मसुद्याचं काम पाचांतल्या चौघांनी पहिल्याच दाबण्यात केलं. पाचवे गृहस्थ 'माझे लेख' मध्ये गेले होते, म्हणून तिथेही मसुद्यांची एक लिंक ठेवली.